कवितेच्या बोटाला धरून चाललेला डॉक्टर

९ जुलै १९६० रोजी, म्हणजे स्वतःच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, एक तरुण डॉक्टर लंडन सोडून निघाला. आधी कॅनडा आणि तिथून पुढे अमेरिका असा त्याचा प्रवास होता. त्याने आईवडिलांना एकाच शब्दाची तार केली. तिचा अर्थ एवढाच की इथेच राहतो आहे, परत येत नाही. पुढे पंचावन्न वर्षे तो त्या परक्या देशात राहिला आणि तिथेच वारला. पण तिथले नागरिकत्व मात्र त्याने कधीच घेतले नाही. १९६१ साली तसा इरादा त्याने कागदोपत्री जाहीर केला होता, पण पुढचे काम राहून गेले ते गेलेच. अमेरिकेच्या सरकारी भाषेत त्याची नोंद ‘रहिवासी, परंतु परका’ अशी राहिली आणि त्याला ती नोंद मनापासून आवडत असे.

या डॉक्टरांचे नाव ऑलिव्हर सॅक्स. मेंदूच्या विकारांवर त्यांनी लिहिलेली पुस्तके जगभर वाचली जातात. ‘अवेकनिंग्ज’ हा १९९० सालचा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात रॉबिन विल्यम्सने रंगवलेला बुजरा डॉक्टर सॅक्स यांच्यावरूनच बेतलेला आहे. मात्र आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्यांच्या वैद्यकीय कीर्तीमुळे नव्हे. हा माणूस आयुष्यभर कवितेच्या बोटाला धरून चालला. रोगी कसा पाहावा हे तो जसे वैद्यकाच्या ग्रंथांतून शिकला तसेच कवींच्या सहवासातही शिकला. त्यातून त्याच्या हातून मोठे काम झाले आणि त्याच कवितेपायी त्याचा पाय काही ठिकाणी घसरलाही. या दोन्ही गोष्टींतून आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना घेण्यासारखे बरेच आहे.

सॅक्स यांचा जन्म लंडनमधल्या क्रिकलवुड भागात १९३३ साली झाला. घराणे ज्यू. वडील सॅम्युएल लहानपणी लिथुएनियातून आले होते आणि आईचे वडील रशियातून. म्हणजे देशांतर या घराला नवे नव्हते. वडील घरोघरी जाऊन रोगी तपासणारे जुन्या वळणाचे फॅमिली डॉक्टर होते. नव्वदीत मुलांनी त्यांना निदान घरभेटी तरी थांबवा असे विनवले, तेव्हा बाकीचे सगळे सोडतो पण घरभेटी सोडणार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. आई म्युरिएल ही इंग्लंडमधल्या पहिल्या काही स्त्री शल्यविशारदांपैकी एक. आपल्याकडे एखाद्या घरात भजनाची परंपरा असते तशी या घरात रोग्यांच्या गोष्टी सांगण्याची परंपरा होती. जेवणाच्या टेबलावर आईवडील आपल्या रोग्यांविषयी बोलत. त्यात रोगाच्या लक्षणांबरोबर त्या माणसाचे घर, त्याचा धंदा आणि त्याची विवंचना हे सगळे यायचे. शुक्रवारी संध्याकाळी आई मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणे आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, सुरू होई.

या सुखी घरावर दोन घाव पडले. पहिला युद्धाचा. १९३९ साली बॉम्बच्या भीतीने लंडनमधली लाखो मुले खेड्यापाड्यांत पाठवली गेली. सहा वर्षांचा ऑलिव्हर आणि त्याचा मोठा भाऊ मायकेल एका निवासी शाळेत गेले. तिथे मारहाण होती आणि पोटभर अन्नही नव्हते. चार वर्षांनी मुले परतली. पण मायकेलचे मन पुढे बिघडत गेले आणि तो आयुष्यभर मनोविकाराने ग्रासला. ऑलिव्हरने आधार शोधला तो रसायनशास्त्रात आणि शाईत. चौदाव्या वर्षापासून तो वह्या लिहू लागला. सदा शाईने माखलेल्या या मुलाला टोपणनाव पडले ‘इंकी’. मरेपर्यंत त्याने भरलेल्या वह्यांची संख्या हजाराच्या घरात गेली.

दुसरा घाव घरातलाच होता. अठराव्या वर्षी, १९५१ साली, आपले मन मुलींकडे नव्हे तर मुलांकडे ओढ घेते हे त्याने वडिलांना सांगितले आणि आईला सांगू नका अशी विनंती केली. वडिलांनी ते आईला सांगितलेच. आई कडाडली. तू जन्मालाच आला नसतास तर बरे, या अर्थाचे शब्द तिच्या तोंडून निघाले. नंतर काही दिवस ती त्याच्याशी बोललीच नाही, आणि बोलू लागल्यावरही तो विषय दोघांत पुन्हा कधी निघाला नाही. त्या काळी इंग्लंडात अशा संबंधांना तुरुंगाची शिक्षा होती. तो कायदा बदलायला १९६७ साल उजाडले. आईचे त्याच्यावर अतोनात प्रेम होते आणि त्याचेही आईवर. पण रागाच्या भरात निघालेले ते शब्द मुलाच्या मनात आयुष्यभर सलत राहिले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे जरी या कहाणीतून घेतले तरी पुष्कळ झाले.

त्यांनी देश का सोडला याची कारणे त्यांनीच सांगून ठेवली आहेत. एक गमतीचे कारण असे की आई, वडील, भाऊ, काका आणि चुलतभाऊ धरून लंडनमध्ये ‘डॉक्टर सॅक्स’ फार झाले होते. घरातल्या मायकेलचे दुखणे त्यांना पाहवत नव्हते, हे एक खोल कारण. आणि अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची ओढ वाटायचे एक कारण होते कविता. थॉम गन हा तरुण इंग्रज कवी त्या शहरात राहतो हे त्यांना ठाऊक होते. गनचा १९५७ सालचा संग्रह त्यांनी झपाटल्यासारखा वाचला होता. नोकरीसाठी, पैशासाठी, लग्नासाठी परदेशी गेलेली माणसे आपल्याला माहीत असतात. हा माणूस काही अंशी एका कवीच्या मागे गेला होता.

१९६१ साली गनची भेट झाली आणि मैत्री जुळली. दिवसा इस्पितळात पांढरा कोट घालणारा हा डॉक्टर सुट्टीच्या दिवशी चामड्याचे जाकीट चढवून मोटारसायकलवर शेकडो मैल भटके. वजन उचलण्याचाही त्याला नाद होता. सहाशे पौंड खांद्यावर घेऊन उठण्याचा कॅलिफोर्निया राज्याचा विक्रम त्याने त्याच वर्षी केला. प्रवासात लिहिलेले तुकडे तो गनला दाखवी. गन कौतुक करी, पण माणसांविषयीचे त्याचे बोचरे, छद्मी लिखाण मात्र त्याला खटके. तसे त्याने स्पष्ट सांगितलेही. चांगला मित्र आणि चांगला समीक्षक एकाच माणसात मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

१९६५ मध्ये सॅक्स न्यूयॉर्कला आले ते संशोधन करायला. प्रयोगशाळेत त्यांची फजितीच झाली. मोटारसायकलला बांधलेली नोंदवही रस्त्यात उडून गेली, यंत्रात खाण्याचे कण सांडले, महत्त्वाचे नमुने हरवले. शेवटी वरिष्ठ वैतागले. तुमच्यामुळे इथे धोकाच आहे, जा आणि रोगी तपासा, अशा शब्दांत त्यांची बोळवण झाली. शिक्षा म्हणून मिळालेले हे काम त्यांच्या आयुष्याचे काम ठरले. त्याच सुमाराला ते उत्तेजक गोळ्यांच्या व्यसनात बुडाले होते. १८७३ साली छापलेले अर्धशिशीवरचे एक जुने पुस्तक १९६७ मध्ये हाती आले आणि ते भारावून गेले. असे आजच्या काळात कोण लिहील, या प्रश्नाला मनातून उत्तर आले की तूच लिही. व्यसन सुटले आणि ‘मायग्रेन’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९७० मध्ये निघाले.

१९६६ च्या शरदात ते ब्राँक्स भागातल्या बेथ अब्राहम इस्पितळात रुजू झाले. तिथे ऐंशीच्या आसपास असे रोगी होते की जे दशकानुदशके पुतळ्यासारखे बसून होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोप-अमेरिकेत एक विचित्र निद्रारोगाची साथ आली आणि साधारण १९२७ पर्यंत टिकली. त्यातून वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे पार्किन्सनसारख्या जडतेने गाठले. त्यांना चालवत नव्हते, बोलवत नव्हते, कधी कधी मानही वळवता येत नव्हती. डॉक्टर येत, कागदावर टिपण करीत आणि जात. आत माणूस शिल्लक आहे का, हे विचारायची पद्धतच नव्हती. सॅक्स यांनी तेच विचारले. तासन् तास ते त्यांच्याजवळ बसू लागले. १९६९ साली एल-डोपा हे नवे औषध त्यांनी दिले आणि गोठलेली माणसे चालू लागली, गाऊ लागली, हसू लागली. कुणाला वाटे आपण अजून १९२६ सालातच आहोत. हे जागेपण मात्र फार काळ टिकले नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांना झटके आणि भास यांनी घेरले आणि अनेक जण पुन्हा जडतेत गेले.

या रोग्यांत एक लिओनार्ड होता. हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला आणि पुस्तकांवर जीव असलेला. वाचा गेलेली, पण एका फळ्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून तो बोलू शकत असे. सॅक्स यांनी त्याला विचारले, तुम्ही जसे आहात तसे असणे म्हणजे कसे असते? पुस्तकात सॅक्स सांगतात की लिओनार्डने एकेक अक्षर दाखवत उत्तर दिले आणि त्यात जर्मन कवी रिल्के याच्या ‘पँथर’ या कवितेचे नाव होते. ती कविता पिंजऱ्यात फेऱ्या घालणाऱ्या जनावराची आहे. रोगाचे नाव, रक्ताचे अहवाल, हातापायांच्या ताठरपणाची मोजमापे यांतून जे कळले नव्हते ते एका कवितेच्या नावाने कळले, असे या प्रसंगाचे सार आहे. या प्रसंगाकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

या काळात सॅक्स यांना दुसरा कवी भेटला होता, डब्ल्यू. एच. ऑडन. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. ऑडनही इंग्लंड सोडून १९३९ साली अमेरिकेला आलेला. त्याचे वडील डॉक्टर होते, त्यामुळे वैद्यकाबद्दल त्याला घरचा जिव्हाळा होता. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या पसाऱ्याने भरलेल्या घरी ठीक चार वाजता चहा होत असे. त्या चहाला हा बुजरा डॉक्टर जाऊ लागला. ‘मायग्रेन’चे परीक्षण ऑडनने १९७१ साली लिहिले. पुढच्या पुस्तकाविषयी त्याचा सल्ला असा होता की नुसत्या वैद्यकीय टिपणावर थांबू नका. रूपके वापरा, पुराणकथेकडे जा, सांगायचे आहे त्याला जी भाषा लागेल ती वापरा. १९७२ च्या वसंतात ऑडन कायमचा इंग्लंडला परतला. तेव्हा विमानतळावर निरोप द्यायला सॅक्स गेले होते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सॅक्स लंडनला आले आणि आईला एकेका रोग्याची गोष्ट वाचून दाखवू लागले. जिथे लिखाण ओढूनताणून वाटे तिथे आई थांबवी आणि हे खरे वाटत नाही म्हणे. मग ते पुन्हा लिहीत, आणि खरे वाटते आहे असे तिने म्हणेपर्यंत लिहीत राहत. ज्या आईच्या शब्दांनी मुलगा तोडला होता तीच आता त्याच्या शब्दांची पारख करीत होती. त्या नोव्हेंबरात ती अचानक गेली. आपल्याकडच्या सुतकासारखे ज्यू घरांत सात दिवस पाळतात. ते झाल्यावर सॅक्स यांनी पुस्तकाचा उरलेला भाग लिहून काढला. १९७३ मध्ये ‘अवेकनिंग्ज’ प्रसिद्ध झाले. ऑडनने ते छापण्याआधीच वाचून दिलखुलास दाद दिली होती. त्याच सप्टेंबरात व्हिएन्नामध्ये त्याचे निधन झाले. थॉम गनचेही पत्र आले. पूर्वी तुझ्या लिखाणात जी एकच गोष्ट कमी होती, माणसाविषयीची कणव, तीच आता या पुस्तकाचा गाभा झाली आहे, हे कसे घडले, असे त्याने मोकळेपणी विचारले होते. हे पत्र सॅक्स यांनी जपून ठेवले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१५ साली, त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ते गनच्याच एका कवितेचे, ‘ऑन द मूव्ह’.

त्यांचे सगळ्यांत गाजलेले पुस्तक १९८५ चे, ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’. त्यात रिबेका नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. तिला किल्लीने कुलूप उघडता येत नसे, घराजवळचा रस्ताही सापडत नसे, वाचता येत नसे. चाचण्यांत ती अगदी तळाला राहिली. पण आजी तिला गोष्टी आणि कविता वाचून दाखवी आणि त्या तिला उमजत. एका वसंतातल्या दिवशी बागेतल्या बाकावर ती शांत बसलेली डॉक्टरांना दिसली आणि तिच्या तुटक बोलण्यात त्यांना कविता ऐकू आली. आपल्या चाचण्या माणसाला काय येत नाही तेवढेच मोजतात, काय येते ते मोजत नाहीत, हा त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष. आजी वारल्यावर कोलमडलेली रिबेका नाटकाच्या गटात जाऊन फुलली, असा त्या गोष्टीचा शेवट आहे. आमच्या कॉलेजात मार्कांच्या तराजूत हलकी ठरलेली मुले दरवर्षी समोर बसतात. त्यांच्याकडे बघताना ही गोष्ट मला अनेकदा आठवते.

इथवर सगळे गोड आहे. पण आज सॅक्स यांच्याविषयी लिहायचे तर एवढ्यावर थांबता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्यांच्या खासगी वह्या आणि पत्रे यांवर आधारलेला एक दीर्घ लेख आला. काही रुग्णकथांत त्यांनी स्वतःच्या कल्पना, स्वतःचे शब्द, स्वतःच्या मनातली घुसमट रोग्यांच्या नावावर घातली होती, असे त्यातून दिसले. ही गोष्ट त्यांनाही आत टोचत होती. वह्यांत त्यांनी त्याबद्दल स्वतःला दोष दिला आहे. मग प्रश्न पडतोच. रिल्केची ती कविता खरोखर लिओनार्डला आठवली होती, की वर्षानुवर्षे आपले मन कोंडून जगणाऱ्या डॉक्टरला? रिबेकाच्या बोलण्यातली कविता तिची किती आणि ऐकणाऱ्याची किती?

यावर कोणी म्हणेल, कवी म्हटला की कल्पना आलीच. मला हे समर्थन पटत नाही. कवीने स्वतःच्या नावावर काय हवे ते लिहावे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडी आपले शब्द घालून ते त्याचेच म्हणून सांगणे हे वेगळे. मुक्या माणसाला ते खोडून काढता येत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे की सॅक्स यांनी दाखवलेली वाट त्यामुळे खोटी ठरत नाही. रोग्याजवळ बसा, त्याला विचारा, तो केस नव्हे, त्याला चरित्र आहे, ही शिकवण आजही तितकीच खरी आहे. फक्त ती पाळताना गुरूपेक्षा शिष्याने अधिक सावध राहायला हवे. विचारल्यावर उत्तराची वाट बघायची असते. ते उत्तर सुंदर नसले तरी चालेल, पण ते त्याचे असले पाहिजे.

हे सगळे मी आपल्या पानावर मुद्दाम मांडते आहे. आपल्या भागातल्या घरांत एकाच डोक्यात दोन भाषा नांदतात. देवघरात मराठी, बाजारात कन्नड, सासरी एक आणि माहेरी दुसरी. मराठी घरात वाढून कन्नडचे वरकवी झालेले द. रा. बेंद्रे आपल्याला परके नाहीत. ‘अवेकनिंग्ज’ निघाले त्या १९७३ सालचेच ज्ञानपीठ त्यांच्या ‘नाकु तंति’ या कन्नड संग्रहाला मिळाले. अशा घरात एखाद्या आजीला पक्षाघाताचा झटका येतो आणि तिची वाचा जाते. याला वाचाघात म्हणतात. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या बहुधा दोन्ही भाषा बरोबरीने बिघडतात आणि बरोबरीने सुधारतात. पण काहींच्या बाबतीत एक आधी परत येते आणि दुसरी मागे राहते. कोणती आधी येईल यावर शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे वाद घालत आहेत. रिबो हा फ्रेंच विद्वान १८८० च्या सुमारास म्हणे की लहानपणी रुजलेले शेवटपर्यंत टिकते. पित्र या फ्रेंच डॉक्टरने १८९५ मध्ये मांडले की आजारापूर्वी जी अधिक वापरात होती ती आधी परतते. नेमका नियम कुणालाच बांधता आलेला नाही. म्हणून मराठी बोलणाऱ्या आजीने झटक्यानंतर सुनेशी कन्नडमध्ये दोन शब्द काढले, तर तिला आपल्या माणसांचा विसर पडला असे मानू नये. ती रुसलेली नसते, भ्रमिष्टही झालेली नसते. जे दार उघडे सापडले त्यातून ती बाहेर येत असते.

आणखी एक दार आहे, सुराचे. सॅक्स यांनी २००७ च्या ‘म्युझिकोफिलिया’ या पुस्तकात अशा एका रोग्याची हकिगत दिली आहे. दोन वर्षे त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. एके दिवशी संगीतोपचार करणाऱ्या सहकारी बाईंनी त्याला एका जुन्या गाण्याचे दोन-तीन शब्द गुणगुणताना ऐकले. तिथून धागा धरून त्याच्याबरोबर गाणे सुरू झाले आणि हळूहळू तो साध्या प्रश्नांना छोटी उत्तरे देऊ लागला. बोलता न येणारी माणसे कित्येकदा गाऊ शकतात, पाठ असलेली प्रार्थना म्हणू शकतात, अंक मोजू शकतात, हे डॉक्टरांना जुने ठाऊक आहे. बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमाराला त्यावर आधारलेली उपचारपद्धतीही तयार झाली. तिच्यात रोजची वाक्ये आधी सुरात म्हणवून घेतात आणि सूर हळूहळू सोडवतात. सगळ्यांनाच याचा गुण येतो असे नाही. पण ज्या आजीने जन्मभर हरिपाठ म्हटला, पुरंदरदासांची पदे म्हटली, तिच्या खाटेशी बसून तेच म्हणून बघायला खर्च कसला? स्पीच थेरपीचा सल्ला डॉक्टरांकडून जरूर घ्यावा, तो टाळू नये. त्याला घरच्या ओळखीच्या सुरांची जोड द्यावी. आणि एक पथ्य पाळावे. ती शब्द शोधत असताना घाईने आपण तिचे वाक्य पुरे करू नये. आईला चहा हवाय, अज्जीला झोप आलीय, असे परस्पर ठरवून मोकळे होणे सोपे असते. मिनिटभर थांबले तर कदाचित तिला खिडकी उघडायला हवी होती हे कळेल.

सॅक्स यांच्याही बाबतीत लहानपणी रुजलेले शेवटी वर आले. आयुष्याची पस्तीस वर्षे त्यांनी एकट्याने काढली. वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्यांना बिल हेज या लेखकाच्या रूपाने जोडीदार मिळाला. २००५ साली डोळ्यात निघालेला कर्करोग यकृतात पसरल्याचे २०१५ च्या आरंभी समजले. ती बातमी त्यांनी स्वतःच वर्तमानपत्रात लेख लिहून वाचकांना दिली. त्या लेखात भीती होती, पण तक्रार नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी एका चुलत बहिणीच्या शंभराव्या वाढदिवसासाठी ते जेरुसलेमला गेले होते. कर्मठ नातलग आपल्याला आणि बिलला कसे वागवतील याची त्यांना धास्ती होती. पण दोघांनाही शब्बाथच्या जेवणाला प्रेमाने बसवून घेतले गेले. आईच्या त्या एका वाक्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी असे घडले होते.

१४ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांचा ‘शब्बाथ’ या नावाचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात क्रिकलवुडचे ते घर आहे, शुक्रवारची संध्याकाळ आहे, मेणबत्त्यांवर हात धरून प्रार्थना पुटपुटणारी आई आहे. ३० ऑगस्टला न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पासपोर्ट अखेरपर्यंत इंग्लंडचाच होता.